फाउंडेशनने पदव्युत्तर शिष्यवृत्तीचे निकष बदललेत. गेल्या वर्षीच्या नियमांत बसत होतो, यंदा अर्ज करावा का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: बी.एस्सी. होऊन दोन वर्षं झाली, सीजीपीए (पूर्ण पदवीची सरासरी श्रेणी, १० पैकी) ६.८, सध्या नोकरी, घर मुलुंडला, आईवडील दोघंही कमावते, आणि मास्टर्ससाठी परदेशी जायचंय. फाउंडेशनने यंदा गुणांची अट ६० वरून ६५ टक्क्यांवर नेली, 'पालकांचे उत्पन्न' काढून 'कुटुंबाचे एकूण वार्षिक उत्पन्न, कमाल ८ लाख' असं घातलं आणि वय मोजायची तारीख बदलली.

गेल्या वर्षीचे नियम आधी डोक्यातून काढून टाका. ज्या वर्षीचा अर्ज, त्या वर्षीची जाहिरात. जुन्या अटींचा आधार फक्त ज्यांना शिष्यवृत्ती आधीच मंजूर झालीय आणि पुढचा हप्ता यायचाय त्यांना, तोही मंजुरीपत्रात लिहिलं असेल तेवढाच. 'मी मागच्या वर्षी पात्र होतो' हे वाक्य मेलमध्ये घातलंत तरी निवड समितीला त्याचं काही देणंघेणं नसतं.

आता ६.८ चं बघू, कारण तुमचं खरं अडतंय ते इथे. ६.८ ला ९.५ ने गुणलं तर ६४.६ येतात, १० ने गुणलं तर ६८. एका हिशेबात तुम्ही बाहेर, दुसऱ्यात आत. बरेच जण डोळे मिटून ९.५ ने गुणतात, पण तो आकडा सीबीएसईच्या दहावीसाठी काढलेला होता, पदवीशी त्याचा संबंध नाही. टक्केवारी काढायची ती तुमच्या विद्यापीठाच्या सूत्राने, आणि हे सूत्र शाखेप्रमाणे आणि पॅटर्नप्रमाणे बदलतं. मित्राचं इंजिनिअरिंगचं सूत्र बी.एस्सी.ला लावू नका. गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला रूपांतराचा तक्ता आहे का बघा. नसेल तर कॉलेजच्या ऑफिसातून लेटरहेडवर सही-शिक्क्यासह रूपांतराचं पत्र घ्या. ६४.६ आले तर फॉर्ममध्ये ६५ लिहू नका. ऑनलाइन फॉर्म तो आकडा घेईल, पण कागदपत्रांच्या पडताळणीत अर्ज बाद होईल, आणि बाद होण्याचं कारण 'चुकीची माहिती' असं लागेल. अट एकूण पदवीच्या गुणांची आहे की शेवटच्या वर्षाच्या, तेही नीट वाचा. सहाव्या सेमचा एसजीपीए (त्या एका सेमिस्टरची सरासरी) म्हणजे सीजीपीए नव्हे.

काही ठिकाणी हा घोळच नसतो. मुंबईच्या इन्लॅक्स शिवदासानी फाउंडेशनच्या आजवरच्या अटींत टक्केवारी आणि सीजीपीए शेजारी शेजारी दिलेले असतात: मानव्यविद्या, कायदा, कला वगैरेंना ६५ टक्के किंवा ६.८, विज्ञान आणि गणिताला ७० टक्के किंवा ७.२. जिथे सीजीपीए थेट दिलाय तिथे टक्के काढतच बसायचं नाही. (तुम्ही विज्ञानातच पुढे जाणार असाल तर तिथे ६.८ पुरत नाही, हे ओघाने आलंच.)

उत्पन्नाच्या अटीतला बदल वरवर शब्दांचा वाटतो, पण माझ्या मते यंदाचा सगळ्यात मोठा बदल हाच आहे. 'एकूण' म्हणजे वजावटीआधीचं. समजा वडिलांचा पगार वर्षाला ८,४०,००० आहे. नव्या कररचनेत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन करपात्र उत्पन्न ७,६५,००० दिसतं, आणि फॉर्ममध्ये तोच आकडा भरला जातो. मर्यादा ८ लाखांची असेल तर फॉर्म १६ (नोकरीच्या ठिकाणाहून मिळणारं पगार आणि करकपातीचं प्रमाणपत्र) मधला वरचा आकडा बघताक्षणी अर्ज संपला. त्यात आईचं उत्पन्न मिळवायचं. आणि 'कुटुंब' म्हटल्यावर तुमचा स्वतःचा पगार धरायचा का, हा प्रश्न उरतोच. 'पालकांचे उत्पन्न' असताना तो नव्हता. व्याख्या जाहिरातीत नसेल तर 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' या भागात असते. तिथेही नसेल तर विचारून घ्या, मनाने ठरवू नका.

पुरावा काय मागितलाय तेही बघा. आयकर रिटर्न मागितलं असेल तर वर्षाची गल्लत टाळा: २०२४-२५ सालच्या कमाईच्या रिटर्नवर असेसमेंट इयर (करआकारणीचं, म्हणजे कमाईच्या पुढचं वर्ष) २०२५-२६ छापलेलं असतं. जाहिरातीत आर्थिक वर्ष लिहिलंय की असेसमेंट इयर, हे न बघितल्याने एक वर्ष चुकीचं जोडलं जातं. तहसीलदाराचा दाखला मागितला असेल तर 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून अर्ज करा. मुलुंड हे मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कुर्ला तालुक्यात येतं, तालुका निवडताना तेच निवडा, नाहीतर अर्ज परत येतो. रेशनकार्ड, आधार, फॉर्म १६ किंवा रिटर्न आणि स्वयंघोषणापत्र हाताशी ठेवा. पंधरा दिवस धरून चाला, आणि निकाल-प्रवेशाच्या दिवसांत त्याहून जास्त. दाखल्याची मुदत साधारण ३१ मार्चला संपते, त्यामुळे फेब्रुवारीत काढलेला दाखला एप्रिलच्या अर्जाला चालत नाही. मार्चच्या शेवटी धावपळ करण्यापेक्षा एप्रिल उजाडताच नवा काढा.

वयाचं एका वाक्यात: 'अमुक तारखेला किंवा त्यानंतर जन्म' असं असेल तर पासपोर्टवरची तारीख शेजारी ठेवून बघा, 'अमुक तारखेला ३० पेक्षा कमी' असेल तर त्याच दिवशी तिसावा वाढदिवस असलेला माणूस बाहेर.

सीजीपीए आणि उत्पन्न या दोन्हींबद्दल मेल करा, फोन नको. फोनवर मिळालेलं 'हो हो, चालेल' पडताळणीच्या वेळी दाखवता येत नाही. मेल एवढाच: 'सीजीपीए ६.८, विद्यापीठाच्या सूत्राने इतके टक्के, रूपांतराचं पत्र सोबत जोडलं आहे. हे ६५ टक्क्यांच्या अटीत धरलं जाईल का? कुटुंबाच्या उत्पन्नात अर्जदाराचा स्वतःचा पगार मोजायचा का?' घरची परिस्थिती, स्वप्नं, काही लिहू नका, त्याला निबंधात जागा असते. उत्तराची पीडीएफ अर्जाला जोडा. आणि जाहिरातही आजच उतरवून ठेवा, मुदतीच्या आत शुद्धिपत्रक निघून मूळ पानावरचा मजकूर बदलू शकतो.

अर्ज करावा का? विद्यापीठाच्या सूत्राने ६५ च्या वर गेलात आणि उत्पन्न मर्यादेत बसलं तर नक्की करा. ६५ च्या खाली आलात तर इथे वेळ घालवू नका, लेखी अटीत अर्धा टक्का सोडून देणारं फाउंडेशन मी तरी पाहिलेलं नाही. मग जे. एन. टाटा एंडोमेंट बघा. १८९२ पासूनची ही योजना आहे आणि तिची अट आजवर ६० टक्क्यांची राहिलीय. के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्टही परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठी पैसे देतो, मात्र पदवीला प्रथम वर्ग लागतो. ही दोन्ही कर्ज-शिष्यवृत्त्या आहेत: महिंद्राची बिनव्याजी, तरी मुद्दल परत करायचंच. घरी सांगताना 'स्कॉलरशिप मिळाली' एवढंच सांगू नका, हप्ता कधीपासून सुरू होतो तेही सांगा. जामीनदार मागितला तर कोणाला उभं करायचं, हे आधीच त्या माणसाशी बोलून ठेवा. त्याचे उत्पन्नाचे कागद गोळा करण्यातच अर्धा महिना जातो.