इस्लाम समजून घेण्यासाठी ख्रिस्ती मंडळीने सुरुवात कोठून करावी?

आपल्या मंडळीतील काही जणांना इस्लामचा अभ्यास करावयाचा आहे, परंतु त्यातून वाद निर्माण होतील किंवा तरुणांची श्रद्धा डळमळेल अशी काळजी वडीलधाऱ्यांना वाटते, असे आपण लिहिले आहे. मी स्वतः ख्रिस्ती आहे. साम्य आणि मतभेद हे दोन्ही पहिल्या दिवसापासून समोर ठेवले, तरच ही काळजी दूर होते, असे माझे ठाम मत आहे.

कुरआनाच्या १९ व्या सूरेपासून (अध्यायापासून) सुरुवात करावी. तिला मरियमचे नाव आहे, आणि संपूर्ण कुरआनात नावानिशी उल्लेख असलेली मरियम ही एकमेव स्त्री आहे. त्यातील २२ ते २६ या आयती (वचने) सावकाश वाचाव्यात. प्रसूतीच्या कळांनी व्याकूळ झालेली मरियम लोकांपासून दूर, खजुराच्या झाडाशी येते आणि याआधीच मरण आले असते तर बरे झाले असते, असे म्हणते; तेव्हा दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा आहे, हे झाड हलव म्हणजे ताजा खजूर तुझ्यावर पडेल, असा दिलासा तिला मिळतो. लूककृत शुभवर्तमानातील गव्हाणीचा वृत्तान्त लहानपणापासून ऐकलेल्या आपल्याला हा प्रसंग अनोळखी वाटतो, परंतु त्यातला मरियमविषयीचा आदर मनाला भिडतो.

त्यानंतर लगेच ४ थ्या सूरेतील १५७ वी आयत वाचावी, कारण तेथे येशूचा वध झाला नाही आणि त्याला वधस्तंभावर खिळले गेले नाही, असे म्हटले आहे. आपल्या विश्वासाचा तो कणा असल्यामुळे हा भेद सौम्य शब्दांत गुंडाळू नये. आणखी एक गोष्ट आरंभीच समजून घ्यावी. आपल्या श्रद्धेत ख्रिस्ताचे जे स्थान आहे, त्याच्याशी तुलना करायची तर ती मुहंमद पैगंबरांशी करण्यापेक्षा कुरआनाशी करणे अधिक योग्य ठरते, कारण मुस्लिमांच्या दृष्टीने देवाचा शब्द कुरआनातच प्रकट झाला आहे. हे ध्यानात आले की कुरआनाविषयी बोलताना आपोआप जपून बोलले जाते.

हा मार्ग आपल्याकडे नवा नाही. मुस्लिमांमध्ये सुवार्ताकार्य करणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी १९३० साली लाहोर येथे स्थापन झालेली आणि पुढे हैदराबादेत स्थिरावलेली हेन्री मार्टिन इन्स्टिट्यूट कालांतराने आंतरधर्मीय संबंध आणि सलोखा यांच्या कामाकडे वळली. कॅथोलिक चर्चनेही २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणापत्रात मुस्लिमांविषयी आदर व्यक्त केला आणि जुनी वैरे विसरून परस्परांना समजून घेण्याचे आवाहन केले. तरीही मुस्लिम येशूला देव मानत नाहीत, हे त्याच परिच्छेदात स्पष्ट लिहिले आहे.

केवळ आपसांत पुस्तके वाचून मात्र थांबू नये. परिसरातील एखाद्या जाणकार मुस्लिम व्यक्तीला निमंत्रण द्यावे, कोणीही कोणाचे धर्मांतर करू पाहणार नाही हे आधीच सांगावे आणि नमाज, रोजे, जकात (धर्माने बंधनकारक केलेले दान) यांविषयी त्यांच्याच तोंडून ऐकावे. रमजानमध्ये इफ्तारचे आमंत्रण आले, तर अवश्य जावे. वडीलधाऱ्यांनाही पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे. पाहुण्यांकडून त्रैक्याविषयी, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव या आपल्या श्रद्धेविषयी, प्रश्न येण्याची दाट शक्यता असते आणि त्याचे शांतपणे उत्तर देण्याचे काम अनुभवी ज्येष्ठांकडेच सोपवणे इष्ट.