एकत्र झालेल्या जर्मनीच्या हवाई दलाने वारशात आलेली कोणती सोव्हिएत विमानं खरोखर उडवली? खात्री कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 3 ऑक्टोबर 1990 ला दोन्ही जर्मनी एक झाले आणि पूर्वेच्या सैन्याची, म्हणजे एनव्हीएची, सगळी विमानं पश्चिमेच्या सैन्याकडे, म्हणजे बुंडेसवेअरकडे आली. लुफ्तवाफ हे त्याचं हवाई दल. याद्यांमध्ये मिग-21 पासून मिल-24 हेलिकॉप्टरपर्यंत सगळंच ‘लुफ्तवाफची विमानं’ म्हणून दिसतं आणि अंगावर काळा क्रॉस रंगवलेले फोटोही सापडतात. यातलं खरंच काय उडालं, आणि 1:72 प्रमाणाच्या छोट्या मॉडेलसाठी विमान निवडताना कशावर विश्वास ठेवायचा?

आधी थेट उत्तर. लढाऊ विमानांपैकी तुकडीच्या नेहमीच्या सेवेत वर्षानुवर्षं उडालं ते एकच, मिग-29. मिग-21, मिग-23 आणि सु-22 यांना नवे क्रमांक मिळाले, पण लुफ्तवाफची एकही तुकडी या विमानांवर उभी राहिली नाही. सु-22 ची उड्डाण-चाचणी मांखिंगच्या चाचणी केंद्रात झाली, पण चाचणी म्हणजे सेवा नव्हे. वाहतुकीच्या बाजूला मात्र बरंच काही उडालं: तुपोलेव्ह-154 एम, इल्युशिन-62 एम, एल-410, अँतोनोव्ह-26, मिल-8. यातलं एल-410 चेकोस्लोव्हाकियात बनलेलं, सोव्हिएत नव्हे. एल-39 या प्रशिक्षण विमानाचंही तेच. याद्यांमध्ये ही दोन्ही सर्रास ‘सोव्हिएत’ खाली घातलेली असतात.

याद्या खोट्या असतात असं नाही. त्या मालकी सांगतात आणि तुम्हाला हवं आहे उड्डाण. हा फरक पडला कारण 3 ऑक्टोबरला जे जे ताब्यात आलं त्या सगळ्याची नोंद करणं भागच होतं. गंजत पडलेलं मिग-21 सुद्धा आता बुंडेसवेअरची मालमत्ता होतं, म्हणून त्यालाही क्रमांक दिला गेला. शिवाय 19 नोव्हेंबर 1990 ला पॅरिसमध्ये युरोपातल्या पारंपरिक शस्त्रांवर मर्यादा घालणारा करार झाला. त्यात जर्मनीला 900 लढाऊ विमानं आणि 306 लढाऊ हेलिकॉप्टरं एवढीच मुभा होती. कोणतं विमान मोडीत काढलं, कोणतं संग्रहालयात ठेवलं, याचा हिशेब द्यायचा तर ते आधी मोजलेलं हवं. म्हणजे नवा क्रमांक हा पुष्कळदा भंगाराच्या रांगेतलाच क्रमांक होता.

म्हणून प्रत्येक विमानाला तीनपैकी एका खान्यात टाकायचं. पहिला खाना: फक्त नोंद झाली. दुसरा: एखाद-दुसरं उड्डाण झालं, म्हणजे एका तळावरून दुसऱ्या तळावर नेलं किंवा चाचणी घेतली. तिसरा: तुकडीत सेवा केली. इंटरनेटवरचे नव्वद टक्के वाद हे तीन खाने एकत्र केल्यामुळे होतात, असं माझं ठाम मत आहे.

आता क्रमांक वाचायचे कसे. बुंडेसवेअरचे क्रमांक चार आकडी असतात. दोन आकडे, मध्ये क्रॉस, मग दोन आकडे. लिहिताना क्रॉसच्या जागी अधिकचं चिन्ह येतं. मिग-23 ला 20+, मिग-21 ला 22+, 23+ आणि 24+, सु-22 ला 25+, एल-39 ला 28+, मिग-29 ला 29+, अँतोनोव्ह-26 ला 52+, एल-410 ला 53+, मिल-14 ला 95+, मिल-24 ला 96+. तुपोलेव्ह आणि इल्युशिन यांना 11+. विमान चाचणी केंद्राकडे गेलं की त्याला 98+ ने सुरू होणारा वेगळा क्रमांक मिळायचा. त्यामुळे एकच विमान यादीत दोनदा मोजलं जातं.

इथला सगळ्यात मोठा खड्डा आधीच सांगून ठेवतो. ही क्रमांकपद्धत 1968 पासूनची आहे, आणि 20+ पासून पुढचे बरेच क्रमांक तेव्हा पश्चिम जर्मनीच्या एफ-104 स्टारफायटर या लढाऊ विमानांना दिलेले होते. स्टारफायटर सेवेतून गेल्यावर तेच आकडे पूर्वेच्या विमानांना दिले गेले. म्हणून नुसता ‘22+’ चा क्रमांक शोधलात तर स्टारफायटरची सेवानोंद, अपघात, तुकडी सगळं समोर येतं. ते मिग-21 च्या नावावर चिकटवलं की यादी बिघडलीच. क्रमांकासोबत विमानाचा प्रकार आणि 1990 नंतरची तारीख असल्याशिवाय नोंद घेऊ नका.

याचा उपाय म्हणजे सगळ्या विमानांचा एक तक्ता करायचा आणि त्याचा कणा कारखान्याचा उत्पादन क्रमांक ठेवायचा. एनव्हीएचे तीन आकडी क्रमांक कधी बदलले, कधी दुसऱ्या विमानाला दिले गेले. नवे क्रमांक वर सांगितल्याप्रमाणे पुनर्वापरातले. उत्पादन क्रमांक मात्र जन्मापासून भंगारापर्यंत तोच राहतो. तक्त्यात रकाने असे धरा: उत्पादन क्रमांक, नेमका नमुना, एनव्हीएचा शेवटचा तीन आकडी क्रमांक, 1990 मधला तळ, नवा क्रमांक, 98+ असल्यास तो, 3 ऑक्टोबर 1990 नंतरच्या उड्डाणाचा पुरावा तारखेसकट, आणि शेवट काय झाला. शेवटून दुसरा रकाना रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा. अंदाजाने भरू नका.

नमुना लिहिताना पूर्व जर्मन नावं वापरा. मिग-21 एसपीएस हे तिथलं नाव आहे. तेच विमान बाकीचे लोक पीएफएम कुटुंबात मोजतात. मिग-21 बिसचेही तिथे लाझूर आणि साउ असे दोन प्रकार होते. मिग-23 मध्ये पेनेम्युंडेची एमएफ आणि एमएल ही हवाई लढाईची, तर ड्रेविट्झची बीएन जमिनीवर हल्ला करणारी. तळ आणि नमुना जुळत नसेल तर एक काहीतरी चुकलंय हे लगेच कळतं. सु-22 एम4 लागे इथे होती, त्यातली एक तुकडी नौदलासाठी होती.

उड्डाणाचा सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे तासांची नोंद. प्रत्येक सोव्हिएत विमानासोबत त्याचं फॉर्म्युल्यार असायचं, म्हणजे सांगाड्याचे आणि इंजिनाचे उड्डाणतास, उतरण्यांची संख्या आणि दुरुस्त्या लिहिलेली वही. संग्रहालयात किंवा संग्राहकाकडे विमानासोबत ही वही बऱ्याचदा असते. सप्टेंबर 1990 अखेरचे तास आणि शेवटच्या नोंदीचे तास यांची वजाबाकी करा. शून्य आलं तर विषय संपला. तासाभराचा फरक आणि एकच उतरणं असेल तर ते विमान दुसऱ्या तळावर नेलं गेलं. इंजिनाचे तास वाढलेत पण सांगाड्याचे नाहीत, असं दिसलं तर जमिनीवर इंजिन चालवून पाहिलं असणार. ही शेवटची गोष्ट लोक नेहमी ‘उड्डाण’ म्हणून धरतात.

वही नसेल तर फोटो. फोटो कधी चढवला ते नको, कधी काढला ते हवं. क्रॉस आणि नवा क्रमांक दिसतोय एवढ्यावर भागत नाही, कारण रंग तर सगळ्यांनाच लागला. विमान हवेत आहे का, निदान कॉकपिटमध्ये वैमानिक आहे का, ते बघा. हवेच्या तोंडावर लाल झाकण, टायर बसलेले, रडारचं नाक काढलेलं, पंखाखालचे पायलन (शस्त्रं टांगायचे आधार) गायब, आजूबाजूला त्याच जातीची दहा विमानं पंखाला पंख लावून उभी, अशी खूण दिसली की ती मोडीची रांग आहे. शेपटीवर आणि नाकाजवळ नव्या रंगाचा चौकोनी ठिगळासारखा पट्टा दिसतो, तिथे पूर्व जर्मनीचं हातोडा-कंपासचं चिन्ह आणि जुना क्रमांक झाकलेला असतो. संग्रहालयातल्या विमानांबाबत तर दुप्पट सावध राहा. बर्लिन-गाटो, फिनोफुर्ट, कोटबुस इथे उत्तम संग्रह आहेत, पण अशा ठिकाणी उभी असलेली विमानं कधीकधी नंतर नव्याने रंगवलेली असतात. तिथला क्रमांक उत्पादन क्रमांकाशी ताडून मगच लिहा. मॉडेलच्या खोक्यातलं डिकल, म्हणजे चिकटवायचं चिन्ह, हा पुरावाच नव्हे.

मिग-29 ची बाजू सगळ्यात स्वच्छ आहे, म्हणून तक्ता तिथूनच सुरू करा. 1988-89 मध्ये पूर्व जर्मनीला 24 मिळाली, 20 एकआसनी आणि 4 दोनआसनी, सगळी प्रेशेन तळावर. नवे क्रमांक एकआसनींना 29+01 ते 29+21, त्यात 13 गाळलेला. दोनआसनींना 29+22 ते 29+25. आधी चाचणी तुकडी झाली, मग 1993 मध्ये 73 व्या लढाऊ तुकडीत अमेरिकन बनावटीच्या फँटम विमानांसोबत समावेश आणि पुढे लागेला मुक्काम. त्यांना नाटोच्या ओळख यंत्रणा आणि रेडिओ बसवले, मीटर-किलोमीटरचे काटे काढून फूट-नॉटचे लावले. 1996 मध्ये 29+09 कोसळलं, वैमानिक वाचला. उरलेल्या 23 पैकी 22 पोलंडला 2003-04 मध्ये प्रत्येकी एक युरो या नाममात्र किमतीला दिली आणि 29+03 जर्मनीत राहिलं. पुढेही तेच कोडं: पोलंडने 22 घेतली, पण सेवेत 14 च आणली. घेतलं आणि उडवलं यातलं अंतर इतकं स्पष्ट दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मॉडेलसाठी एक खूण: तपकिरी-हिरव्या जुन्या रंगावर क्रॉस असेल तर सुरुवातीची वर्षं, करडा रंग असेल तर नंतरची. आणि भारतातल्या फोटोंवरून आतली मांडणी उचलू नका. 1987 पासून पुण्याच्या लोहगावला आलेली मिग-29 ही 9.12बी नमुन्याची, जर्मनीची 9.12ए. बाहेरून जवळपास सारखी, उपकरणं वेगळी. गोव्याच्या दाबोळीवरचं नौदलाचं मिग-29के तर घडीचे पंख आणि शेपटीचा हुक असलेलं निराळंच विमान आहे.

वाहतूक विमानांत तुपोलेव्ह-154 एम दोनच होती. पूर्व जर्मनीत त्यांची नागरी नोंदणी होती, डीडीआर-एसएफए आणि डीडीआर-एसएफबी. ती 11+01 आणि 11+02 झाली. दुसरं ‘खुलं आकाश’ करारासाठी, म्हणजे देशांनी एकमेकांच्या हद्दीवरून निरीक्षण उड्डाणं करण्यासाठी, सजवलेलं. 13 सप्टेंबर 1997 ला नामिबियाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रावर त्याची अमेरिकन सी-141 या वाहतूक विमानाशी हवेत टक्कर झाली आणि दोन्ही विमानांतले मिळून 33 जण गेले. इतक्या दुःखद घटनेचा संशोधनासाठी उपयोग सांगणं जड जातं, पण अपघात-चौकशीच्या कागदांइतकी खात्रीची उड्डाणनोंद दुसरी नसते. त्यात क्रमांक, तारीख, मार्ग, उंची सगळं असतं. याच गटात 10+21 ते 10+23 ही तीन विमानंही पूर्वेकडून आलेली दिसतील. ती इंटरफ्लुग या पूर्व जर्मन विमान कंपनीची एअरबस ए310 आहेत, वारशाच्या यादीत योग्य, पण सोव्हिएतमध्ये नाही.

हेलिकॉप्टरांसाठी ‘हवाई दल’ हा शब्द जपून वापरा. क्रमांकपद्धत तिन्ही दलांना एकच आहे. मिल-24 भूदलाकडे गेली, पाणबुडीविरोधी आणि सुरुंगविरोधी मिल-14 नौदलाकडे, मिल-8 वेगवेगळ्या दलांत वाटली गेली. 96+ किंवा 95+ क्रमांक बघून ‘लुफ्तवाफचं’ म्हणू नका.

कागदपत्रं हवी असतील तर एनव्हीएची सैनिकी दफ्तरं फ्रायबुर्गच्या संघीय लष्करी अभिलेखागारात आहेत. जर्मन कायद्यात साधारण 30 वर्षांची बंदी असते, त्यामुळे 1990-91 चे बरेच कागद आता मागता येतात. पत्र जर्मनमध्ये लिहा आणि ‘पूर्व जर्मन विमानांची माहिती द्या’ असं मोघम विचारू नका. तुकडीचं नाव, तळ, कालावधी आणि उत्पादन क्रमांक द्या, आणि मागायचं ते विमान-हस्तांतराची यादी किंवा उड्डाणतासांचा अहवाल. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर येतं.

तुमच्या मॉडेलबद्दल: उडणारं हवं असेल तर मिग-29 घ्या, 29+03 सगळ्यात सोपं, कारण विमान अजून जर्मनीतच आहे आणि फोटो ताडता येतात. क्रॉस असलेलं मिग-21 च करायचं असेल तर बिनधास्त करा, फक्त चाकं खाली ठेवा, हवेच्या तोंडाला लाल झाकण लावा, क्षेपणास्त्रं बसवू नका आणि जुना क्रमांक झाकणारा ठिगळाचा रंग मूळ रंगापेक्षा थोडा ताजा ठेवा.