उद्योजकांचे प्रश्न : भाड्याचा सर्व्हर आणि धंद्याचे हिशेब

क्लाउडवरची व्हर्च्युअल मशीन, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधील, इंटरनेटवरून वापरायचा संगणक, भाड्याने घेऊन तीवर दुकानाचे किंवा कारखान्याचे हिशेब चालवणाऱ्या वाचकांची पत्रे अलीकडे वाढली आहेत. त्यांतील तीन प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत.

प्रश्न : आमचा औषधांच्या घाऊक विक्रीचा व्यवसाय असून सांगलीखेरीज मिरज आणि जयसिंगपूर येथे शाखा आहेत. तिन्ही ठिकाणांहून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र नोंदी व्हाव्यात म्हणून विंडोजची मशीन तासाच्या दराने भाड्याने घेतली. दुकान बंद करताना आमचे मुनीमजी स्टार्ट मेनूतून ती न चुकता शटडाउन करतात, तरीही बिल चोवीस तासांचेच येते. वर्षभराचा करार केल्यास स्वस्त पडेल, असे ही सेवा जोडून देणारा वेंडर सांगतो. काय करावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण कोणाची सेवा घेतली आहे याचा उल्लेख पत्रात नाही, परंतु आपण वर्णन केलेले लक्षण ओळखीचे आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझूर या क्लाउड सेवेवर विंडोजच्या आतून शटडाउन केले तर मशीन थांबते. मात्र तिच्यासाठी राखून ठेवलेले प्रोसेसर आणि मेमरी मोकळे होत नाहीत आणि म्हणून तासाचे भाडे चालूच राहते. ते थांबवायचे तर अझूरच्या पोर्टलवर, म्हणजे मशीनचे नियंत्रण करण्याच्या वेबसाइटवर, जाऊन तेथून मशीन थांबवावी लागते आणि तिच्या स्थितीत ‘स्टॉप्ड’च्या जोडीला ‘डीअलोकेटेड’ हा शब्द दिसतो आहे ना, हे पाहावे लागते. रोज रात्री ठरलेल्या वेळी मशीन आपोआप बंद करण्याची सोयही तेथेच आहे आणि ती लावली की मुनीमजींवर हा भार राहणार नाही. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेवर आतून केलेल्या शटडाउननेही भाडे थांबते, परंतु तेथे एक सेटिंग असे आहे की ते बदललेले असल्यास शटडाउन करताच मशीन कायमची नष्ट होते. ते एकदा वेंडरकडून समोर बसून तपासून घ्यावे.

मशीन बंद असली तरी डिस्कचे भाडे लागतच राहते, कारण आपला डेटा तेथे जागा अडवून असतो. इंटरनेटवरून मशीनपर्यंत पोहोचण्यासाठी स्वतःकडे राखून ठेवलेल्या स्थिर पब्लिक आयपी पत्त्याचेही तसेच आहे. ॲमेझॉनने १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ (नेहमीच्या प्रकारच्या आयपी) पत्त्याला ताशी ०.००५ डॉलर, म्हणजे महिन्याला साधारण साडेतीन डॉलर, आकारायला सुरुवात केली आहे. त्यामुळे बिल शून्यावर येणार नाही, पण मोठा भाग कमी होईल.

आता कराराविषयी. दुकान दिवसाला १० तास आणि महिन्याला २६ दिवस चालते असे धरले, तर मशीन २६० तास लागते. महिन्याचे एकूण तास ७२०. म्हणजे रीतसर बंद ठेवल्यास आपण पूर्ण भाड्याच्या सुमारे ३६ टक्केच भरता. वर्षाच्या करारात मशीन चालू असो वा बंद, पैसे चोवीस तासांचे द्यावे लागतात, तेव्हा करारावरची सवलत ६४ टक्क्यांहून अधिक असेल तरच तो परवडेल, आणि एका वर्षाच्या करारावर एवढी सवलत सहसा मिळत नाही. वेंडरचा सल्ला अहोरात्र चालणाऱ्या वेबसाइटसाठी योग्य ठरला असता. आपल्यासाठी तो मला योग्य वाटत नाही.

आणखी दोन गोष्टी पत्रात नसल्या तरी सांगणे आवश्यक वाटते. विंडोज सर्व्हरवर एका वेळी दोन रिमोट (दुरून केलेल्या) जोडण्यांची जी मुभा असते ती देखभालीसाठी असते. शाखांतील माणसांनी रोजचे काम करायचे असेल तर प्रत्येकासाठी स्वतंत्र रिमोट डेस्कटॉप परवाना लागतो आणि कोटेशनमध्ये तो बहुधा दाखवलेला नसतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे दुरून आत येण्याचे दार, साऱ्या जगाला उघडे ठेवू नका. खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणाऱ्या टोळ्या अशी उघडी पोर्ट सतत शोधत असतात, म्हणून ते केवळ आपल्या तीन दुकानांच्या स्थिर आयपी पत्त्यांना उघडावे किंवा व्हीपीएनच्या (खासगी सुरक्षित जोडणीच्या) आत घ्यावे.

प्रश्न : आमची फॅब्रिकेशनची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. हिशेब क्लाउडवर असल्यामुळे वेगळ्या बॅकअपची गरज नाही, असे वेंडर म्हणतो. आमचे सीए मात्र रोजच्या बॅकअपचा आग्रह धरतात. कोणाचे ऐकावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सीएंचे ऐकावे. कंपनी लेखा नियमांत ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवलेल्या हिशेबांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर दररोज असला पाहिजे. त्यापूर्वी तो ठरावीक काळाने घेतला तरी चालत असे. ॲमेझॉनची मुंबई आणि हैदराबाद येथे, तर मायक्रोसॉफ्टची पुण्यात केंद्रे असल्याने ही अट पाळणे अवघड नाही.

परंतु कायदा नसता तरीही माझे उत्तर हेच असते. १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि त्यातील एक इमारत पूर्णपणे भस्मसात झाली. ज्यांचे बॅकअप त्याच ठिकाणी होते, त्यांचा मूळ डेटा आणि त्याची प्रत दोन्ही एकाच रात्री गेले. भाड्याची मशीनसुद्धा शेवटी कुठल्यातरी इमारतीतल्या लोखंडी रॅकवरच चालत असते.

आगीशिवायही डेटा जाऊ शकतो. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या ॲमेझॉनवरील नियंत्रण खात्यात एक हल्लेखोर शिरला आणि त्याने पैसे मागितले. कंपनीने खाते परत ताब्यात घेण्याचा प्रयत्न सुरू करताच त्याने डिस्क, स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या-त्या वेळच्या प्रती), साठवलेल्या फाइली असे बरेच काही पुसून टाकले. बॅकअप घेतलेले होते, पण त्याच खात्यात होते. कंपनीला व्यवसायच बंद करावा लागला. म्हणून एक प्रत वेगळ्या शहरातील केंद्रात, वेगळ्या खात्यात आणि वेगळ्या पासवर्डखाली असावी, आणि तिमाहीतून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उतरवून ताळेबंद उघडतो का, हे स्वतः पाहावे. सेवा बंद पडल्यास करारानुसार मिळते ती पुढच्या बिलातली सूट असते. गेलेल्या खतावणीची भरपाई त्यात नसते.

प्रश्न : आमच्या आंबा प्रक्रिया उद्योगाचे क्लाउड खाते वेंडरने स्वतःच्या ईमेलवर उघडले आहे. आता त्याच्याशी मतभेद झाले असून मशीन दुसरीकडे न्यायची आहे. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : संबंध अगदीच तुटण्याआधी टॅलीचा डेटा फोल्डर आपल्या संगणकावर उतरवून घ्या. ॲमेझॉनवरून इंटरनेटवर दरमहा पहिले १०० जीबी बाहेर नेण्यास शुल्क पडत नाही, त्यामुळे केवळ हिशेबाच्या फाइलींसाठी खर्चाची भीती बाळगू नये. त्यानंतर नवे खाते कंपनीच्या ईमेलवर, मालकाच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीसह आणि कंपनीचा जीएसटी क्रमांक नोंदवून उघडावे. वेंडरला त्यात कामापुरता मर्यादित प्रवेश द्यावा, जो उद्या काढूनही घेता येईल. बिल आपल्या जीएसटी क्रमांकावर आले की त्यावरील १८ टक्के कराचे इनपुट क्रेडिट आपल्याला रीतसर घेता येईल. वेबसाइटचे डोमेनही (इंटरनेटवरचे तिचे नाव) वेंडरच्याच नावावर असेल, तर तेही याच वेळी बदलून घ्यावे. मशीन नवी उभी करता येते, पण दुसऱ्याच्या नावावर असलेला डोमेन त्याच्या संमतीशिवाय हलवणे फार कठीण जाते.