पुतण्याला आयटीआयला टाकावं का? आमच्या गावातले आयटीआयवाले तर घरीच बसून आहेत

ताई, तुम्ही लिहिलं की पुतण्याला दहावीला ५८ टक्के पडले, घर दारव्ह्याकडे, तीन एकर कोरडवाहू, अन् आता आयटीआय का अकरावी आर्ट्स यात घरचे अडकले, कारण गावातले आयटीआय केलेले दोन पोट्टे घरीच आहेत. मी इलेक्ट्रिशियन ट्रेडचा, २०११ ला पास झालो, कळंब तालुक्यात माझं मोटर भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून द्यायचं (वाइंडिंगचं) दुकान आहे, म्हणून लिहून राहिलो.

टाका त्याला. पण आधी त्या दोघांना एक विचारा, पास झाल्यावर पुढचं वर्ष कुठं काढलं? बहुतेक घरीच निघालं असेल. आमच्या बॅचमधले जे अप्रेंटिसला, म्हणजे विद्यावेतनावर शिकाऊ म्हणून गेले किंवा कोणाच्या हाताखाली राहिले ते आज आपल्या कामावर उभे आहेत, अन् जे सर्टिफिकेट घेऊन जाहिरातीची वाट पाहत बसले त्यांचा हातच गेला, दोन वर्षांनी साधा स्टार्टर उघडायला घाबरत होते, मग कोणी चाकणला कॉन्ट्रॅक्टवर, कोणी परत वखरामागे. हुशारीत काही फरक नव्हता हो, त्यातला एक तर माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी पास होता.

माझंच सांगतो. पास झालो अन् यवतमाळला एका वाइंडिंगवाल्याकडे लागलो. पहिल्या दिवशी मालकानं पाच एचपीची जळालेली मोटर समोर ठेवली, म्हणे काढ हिची वाइंडिंग. मला स्लिपची व्याख्या येत होती, सिंक्रोनस स्पीडचं सूत्र पाठ होतं. छिन्नी घेतली, एका बाजूनं सगळी कॉइल तोडली अन् तारा ओढून बादलीत टाकत गेलो. स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा भाग, साफ केला, मालकाला दाखवला. तो म्हणे, "टर्न मोजले का बापू? तार कोणत्या गेजची होती? कोणत्या खाचेतून निघून कोणत्या खाचेत जात होती?" मी काहीच मोजलं नव्हतं. अन् मोटर भरायची तर जुनाच हिशोब लागतो, टर्न किती, गेज म्हणजे तारेची जाडी कोणती, पिच म्हणजे कॉइल किती खाचा सोडून बसते, जोडणी स्टारची का डेल्टाची. मालक ओरडला नाही, त्यानं बादली फरशीवर उलटी केली अन् म्हणे चिकटलेला एखादा गठ्ठा शोध. वार्निशमुळे एक गठ्ठा जसाच्या तसा राहिला होता, त्या जळक्या वासात बसून मी त्याची तुटलेली टोकं एकेक करून मोजली, तीनदा मोजली, तिन्ही वेळा वेगळा आकडा आला, चौथ्यांदा मालक सोबत बसला. पिच मात्र गेलीच होती, ती त्यानं आपल्या जुन्या वहीतून त्याच कंपनीच्या मोटरची काढून दिली. ती वही त्याचं खरं भांडवल होतं, आता माझीही तशी वही आहे.

दोन वर्षांत हे का नाही आलं? कारण जिथं शिकलो तिथं वीस-एकवीस पोरांत भरायच्या सरावाला एक मोटर, निदेशकाची जागा कित्येक महिने रिकामी, प्रॅक्टिकलच्या वहीत आकृत्या मात्र सुंदर. सगळीकडे असंच आहे असं नाही म्हणत, चांगले निदेशक मी पाहिलेत, पोरांना हात काळे करू देणारे. म्हणून कॉलेज निवडताना बिल्डिंग नका पाहू, वर्कशॉपमध्ये जा अन् सेकंड इयरच्या पोट्ट्याला विचारा की या महिन्यात तू स्वतः काय उघडलं. आपल्या वर्ध्यातच १९३७ साली गांधीजींनी नई तालीम मांडली, हातानं काम करता करता शिकायचं, अन् तिथून तासाभरावर राहणाऱ्या आम्ही पोरांनी मोटर वहीत काढून पास व्हायचं, याचं मला अजूनही फार वाईट वाटते.

आता त्या एका वर्षाचं. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ठराविक टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. महावितरण, एसटीचं डेपो-वर्कशॉप, चंद्रपूर-कोराडीचे वीज प्रकल्प, वेकोलिच्या कोळसा खाणी, भंडारा-अंबाझरी-चांद्याची आयुध निर्माणी, सगळे घेतात. २०१९ च्या नियमात आयटीआयवाल्याला महिना कमीत कमी ७,००० विद्यावेतन होतं, त्यात खोली अन् डबा भागते, जास्त नाही. पण पोर रोज चालू लाइनवर, चालू मशीनवर असते अन् शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात येते. रेल्वेत ते कामी पडते. महावितरणच्या विद्युत सहायकाची भरती निघते, २०२३ च्या शेवटी ५,३४७ जागांची निघाली होती, त्यालाही इलेक्ट्रिशियन-वायरमनच लागतात, फक्त तिच्या भरवशावर बसू देऊ नका, दोन भरतींच्या मधे वर्षं जातात अन् पोराचं वय थांबत नाही.

ट्रेडचं म्हणाल तर इलेक्ट्रिशियनला दहावी गणित-विज्ञानासह पास लागते, दोन वर्षं. वायरमनही दोन वर्षं, वेल्डर एक वर्ष, हे दोन्ही आठवीवरही आहेत. त्याला पुढं शिकायचं झालं तर दहावी अन् दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकला थेट सेकंड इयरला जाता येते, हे गावात कोणी सांगतच नाही, लोकांना वाटते आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं. आर्ट्सला मी वाईट म्हणत नाही, त्याला स्वतःला वाचायची आवड असेल तर खुशाल करू द्या, फक्त "काहीतरी चालू राहील" म्हणून नको.

दोन-तीन महिन्यांच्या कोर्सवाले पण येतील घरी, राहणं-खाणं फुकट, प्लेसमेंटची गॅरंटी. आमच्या मागल्या घरची पोरगी अशीच गेली, शिवणकामाचं शिकून दूरच्या शहरात फॅक्टरीत लागली, चौथ्या महिन्यात परत आली. पगारातून खोलीभाडं, मेस अन् गाडीभाडं गेलं की घरी पाठवायला काही उरे ना, अन् रात्रीच्या शिफ्टवरून एकटं यायची भीती वेगळीच. ती ज्या सरकारी ग्रामीण कौशल्य योजनेतून गेली, तिच्यात शिकवलेल्यांपैकी ७० टक्क्यांची प्लेसमेंट व्हावी लागते अन् तीन महिने सलग काम केलं की ती धरतात, म्हणजे कागदावर ती पोरगी नोकरीलाच आहे. घरी आल्यावर कोणी विचारायला आलं नाही. आता ती गावातच ब्लाउज अन् शाळेचे ड्रेस शिवते, मशीन बचत गटाच्या कर्जातून घेतली, अन् तिचं बरं चालू आहे. शिकलेलं वाया गेलं नाही, पण तिला परत येऊन उभं राहायला जी मदत लागली ती गटातल्या बायांनी केली.

गावात काम नाही हे मात्र मला पटत नाही. दिवाळी झाली की गहू-हरभऱ्याचं ओलीत सुरू होते, डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) तीनपैकी एक फेज जाते, शेतकरी कंडेन्सर टाकून दोन फेजवर मोटर ओढतो, जास्त लोड आला की मोटर बंद करणारा स्टार्टरचा रिले कोणीतरी आधीच बायपास केलेला असते, रात्रीच्या लाइनीत मोटर घुंघुं करत राहते अन् सकाळी जळून माझ्या दारात. होळीपर्यंत मला जेवायला फुरसत नसते. पावसाळ्यात काम कमी, अन् उधारी खूप, "कापूस विकला की देतो", भाव पडला की तेही लांबते, हे हिशोबात धरूनच चालावं लागते. अन् आता सौर पंप वाढून राहिले, 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये शेतकऱ्याला १० टक्केच भरावे लागतात, एससी-एसटीला ५, तर पुढं कंट्रोलर, पॅनल, केबलचं काम वाढणार. तुमचा पुतण्या पास होईल तेव्हा याच कामाचा माणूस लागेल. अठरा पूर्ण झाले की आरसेटी (ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था) आहे, बँकेमार्फत चालते, प्रशिक्षण अन् राहणं मोफत, तिथं मोटर रिवाइंडिंगचा ३० दिवसांचा कोर्सही असते.

फॉर्म भरायच्या आधी एक करा ताई. दारव्ह्यात एखाद्या वाइंडिंगच्या नाहीतर वेल्डिंगच्या दुकानात त्याला आठ दिवस बसवा, पैसे मागू नका. नव्या पोराला जुनी वाइंडिंग काढायलाच देतात. त्याला फक्त सांगा की तोडायच्या आधी टर्न मोज अन् वहीत लिही. आठ दिवसांनी त्यानं काय मोजलं, काय लिहिलं ते मला इथंच खाली कळवा, मग ट्रेड कोणता भरायचा ते बोलू.