संशोधन प्रकल्पातली नोकरी शोधताना

एमएस्सी झाल्या झाल्या प्रत्येक जाहिरातीला अर्ज टाकत सुटू नकोस. पुण्यात आयसर, एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), एनसीसीएस (राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र) अशा संशोधन संस्था, विद्यापीठाचे विभाग, सगळे प्रकल्पांसाठी माणसं घेतात, पण जाहिरात संस्थेच्या संकेतस्थळावर जेमतेम दोन-तीन आठवडे असते. दर सोमवारी ती पानं उघडून बघायची सवय लाव.

खरं काम पत्राचं. 'आदरणीय सर, मला संशोधनाची आवड आहे' असं पत्र प्राध्यापकांना रोज येतं. त्यांचा अलीकडचा एक शोधनिबंध नीट वाच, त्यातली तुला पडलेली शंका लिही, आणि तुला कुठलं तंत्र हाताने जमतं ते सांग. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायचं तंत्र) स्वतः केलंय की नुसतं पाहिलंय, हे मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत कळतं. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण कर, बास.

पैशाचं आधीच विचार. केंद्राच्या प्रकल्पात जानेवारी २०२३पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधकाला) महिन्याला ३७,००० आणि पीएचडीनंतरच्या रिसर्च असोसिएटला ५८,००० पासून पुढे, घरभाडे भत्ता वेगळा. पण अनुदानाचा हप्ता अडकला की पगारही अडकतो. माझा चार महिने अडकला होता, तेव्हा खोलीचं भाडं दादाने भरलं. म्हणून प्रकल्पाची किती मुदत उरली आहे हे रुजू होण्याआधी विचारच, लाजू नकोस.

आणि त्या प्रयोगशाळेतल्या जुन्या मुलांशी चहावर बोल. शोधनिबंधावर नाव लागतं का, सुट्टी मिळते का, हे जाहिरातीत नसतं.