वाचकांचे प्रश्न : यादवी युद्धानंतर सूड की क्षमा?

प्रश्न : नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या वाचक मंडळात रवांडाचा विषय निघाला. ज्यांनी शेजाऱ्यांनाच कापले, ते शिक्षा भोगून त्याच गावात परतले आणि मृतांच्या नातलगांनी त्यांना क्षमा केली, हे काहींना थोर वाटले. काहींच्या मते मात्र ही क्षमा सरकारने गळी उतरवली होती. आपले मत काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तथ्य दोन्हींत आहे, परंतु मला दुसऱ्या मताचे पारडे जड वाटते. १९९० पासून धुमसणाऱ्या यादवी युद्धातच १९९४ च्या एप्रिल ते जुलैमध्ये रवांडात तुत्सी या अल्पसंख्य समाजाचे बहुसंख्य हुतूंमधील कट्टरपंथीयांकडून शिरकाण झाले, त्यात सुमारे आठ लाख माणसे मारली गेली आणि पुढे लाखाहून अधिक संशयित तुरुंगांत डांबले गेले. नेहमीच्या न्यायालयांना हा बोजा पेलणे अशक्य होते, म्हणून गावोगावी ‘गचाचा’ न्यायालये भरली आणि २०१२ पर्यंत त्यांनी सुमारे १९ लाख खटले निकाली काढले. त्यांतले बहुतेक लुटलेली गुरे, कौले, घरातील चीजवस्तू यांचे होते. गावानेच निवडलेले पंच उघड्यावर बसत. शिक्षेत सूट हवी असेल, तर आरोपीला गुन्हा कबूल करावा लागे, साथीदार आणि प्रेत टाकल्याची जागा सांगावी लागे व जाहीर माफीही मागावी लागे. नवऱ्याची हाडे कोठे आहेत हे अनेक विधवांना तेथेच कळले, आणि या व्यवस्थेची ही कमाई मी क्षमेहून मोठी मानतो.

अडचण पुढे येते. सारा गाव पाहत असताना, ज्याच्या कुटुंबाच्या बांधाला आपला बांध लागून आहे त्या माणसाला ‘नाही, मी क्षमा करणार नाही’ असे सांगणे एकट्या बाईला कितपत शक्य होते? शिवाय युद्ध जिंकलेल्या, तुत्सींचे प्राबल्य असलेल्या बंडखोर सैन्याने केलेल्या हत्या या न्यायालयांच्या कक्षेबाहेरच राहिल्या, त्यामुळे ज्यांची माणसे त्या सैन्याने मारली त्यांच्याकडे माफी मागायला कोणी आलेच नाही.

आपल्याकडचे भाऊबंदकीचे सर्वांत मोठे युद्ध महाभारताचे. सौप्तिक पर्वात द्रौपदी अन्नत्याग करून अश्वत्थाम्याचा प्राण मागते आणि अखेर त्याच्या मस्तकावरील मण्यावर थांबते. भागवतात मात्र, माझ्यासारखी त्याच्या आईवर रडायची वेळ येऊ नये, म्हणून ती त्याला सोडायला सांगते. कीर्तनकार बहुधा दुसरी द्रौपदी रंगवतात (पहिलीला टाळ्या कमी पडत असाव्यात), पण त्या कथेतही अश्वत्थामा आधी दोरांनी बांधून तिच्यापुढे उभा केलेला असतो, आणि त्याला क्षमा कर असे तिला कोणीही सांगितलेले नसते. भीम तर त्याला मारायलाच निघालेला असतो.

मंडळात हा विषय पुन्हा निघाला, तर रवांडाबरोबर मोझांबिकही चर्चेला घ्यावा. तेथे १९९२ च्या शांतता करारापाठोपाठ सरसकट माफीचा कायदा झाला, खटले चाललेच नाहीत, आणि गावी परतलेल्या सैनिकांना पुन्हा आपल्यात घेण्याचे काम गावांनी आपापल्या शुद्धीच्या विधींनी केले.