उसने दिलेत ना? मग तीन वर्षांच्या आत सही घ्या

तुमचं वाचलं आणि माझी जुनी डायरी आठवली. तुम्ही मेव्हण्याला अडीच वर्षांपूर्वी खात्यातून चार लाख दिले, कागद केला नाही, आता तो नुसतं "देतो ना" म्हणतो. तोंडी व्यवहार कोर्टात टिकतो का, हा तुमचा प्रश्न.

टिकतो. 1872 च्या करार कायद्याला तोंडी करारही चालतो. घर-जमिनीची विक्री वगैरे वेगळी. तुमची खरी अडचण दावा लावायच्या मुदतीची आहे. परतीची तारीख ठरली नसेल तर पैसे दिले त्या दिवसापासून तीन वर्षं. म्हणजे सहा महिने उरलेत.

मी इंदूरला, ऑगस्ट 2015 मध्ये, आतेभावाला दुकानासाठी साडेतीन लाख चेकने दिले. तो अधूनमधून पाच-पाच हजार रोख आणून द्यायचा, शेवटचे जानेवारी 2017 मध्ये. दर वेळी मी डायरीत लिहिलं, पण माझ्या अक्षरात. तिथेच मी बुडालो. थोडी परतफेड झाली की मुदत नव्याने सुरू होते, पण ती नोंद कर्जदाराच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीची लागते (मुदत कायदा 1963, कलम 19). त्या पानावर त्याची एक सही असती तर जानेवारी 2020 पर्यंत वेळ होता.

फेब्रुवारी 2018 मध्ये एका वकिलाच्या ऑफिसात सगळं नेऊन दिलं. "पुढच्या सोमवारी या" करत करत नोटीस निघाली सप्टेंबरात. नोटिशीने मुदत थांबत नाही, दावाच दाखल व्हावा लागतो, हे तिथल्या कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. आजही संताप होतो. पुढे आतेभाऊ चारचौघांत "देईन" म्हणायचा, पण मुदत गेल्यावर वचन लेखी आणि सहीचंच लागतं (करार कायदा, कलम 25). तो कशाला सही करतोय?

याच महिन्यात मेव्हण्याकडून लिहून घ्या: किती घेतले, किती बाकी, तारीख, सही. "आत्ता देता येत नाहीत" असं लिहिलं तरी कबुली ठरते, आणि मुदत नव्याने सुरू होते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या "हो भाऊजी"वर मी तरी विसंबणार नाही, पण पुसू नका. घरात वाईट दिसेल म्हणून थांबू नका. मी लाजलो, आणि आत्याच्या तेराव्यालाही आम्ही दोघं बोललो नाही.

पुढे कुणाला द्याल तेही खात्यातूनच; 20,000 रुपये किंवा जास्त रोखीने उसने घेतले तर आयकराचा दंड घेणाऱ्याला बसतो.

मी वकील नाही. सही मिळाली नाही तर मुदतीच्या दोन महिने आधी चांगला वकील गाठा, आणि दाव्याचा नंबर हातात आल्याशिवाय दाखल झाला असं समजू नका.